किटली

आमच्या घरात त्या दिव्याला किटली म्हणतात. डॅशबोर्डवर लाल रंगाचं एक चित्र उजळतं, लांब चोचीची बुधली आणि चोचीच्या टोकाशी एक थेंब. गाडीच्या पुस्तकात त्याला ऑइल प्रेशरचा इशारा असं भारदस्त नाव आहे. बायकोनं ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "अहो, ही चहाची किटली कशाला लागलीय?" तेव्हापासून किटली. चावी फिरवली की लागते, इंजिन सुरू झालं की विझते. सोळा वर्षं ती इतकी शहाण्यासारखी वागली की तिच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

२०१९च्या भाऊबीजेला, तासगावच्या रस्त्यावर, कवठे एकंदच्या अलीकडं ती चालत्या गाडीत लागली.

मागच्या सीटवर फराळाचे डबे आणि ताईची साडी. काटा साठ-पासष्टवर. आधी नुसती लुकलुकली, ट्यूबलाइटचा स्टार्टर जायला आल्यावर ट्यूब लुकलुकते तशी. उन्हात नीट दिसेना म्हणून बायकोनं डॅशबोर्डवर पदराचा आडोसा धरला. "लागलीय हो. नाही, विझली. लागली." मग लागली ती लागलीच. तिथल्या तिथं गाडी बाजूला घेऊन चावी बंद करायची, एवढं मला कळत होतं. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पुढची तीस वर्षं बँकेत गेली ही गोष्ट वेगळी, पण पदवी भिंतीवर आहे. तरी मी काय केलं? "पुढं झाड दिसतंय, सावलीत थांबू," असं म्हणून आणखी अर्धा किलोमीटर गाडी रेटली. तेलाशिवाय फिरणाऱ्या इंजिनाला अर्धा किलोमीटर म्हणजे काय, हे परीक्षेत विचारलं असतं तर पानभर लिहिलं असतं.

झाडाखाली बोनेट उघडलं. तेलाची पट्टी काढली, रुमालाला पुसली, परत घातली, काढली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये. रंग मधासारखा, कारण नवंच होतं. इंजिनाखाली कुठं थेंब नाही. मग काय बघायचं ते सुचेना, म्हणून बोनेटला टेकून ऊस वाहणाऱ्या गाड्या बघत बसलो. पंधरा मिनिटांनी भीत भीत चावी फिरवली. किटली लागली, विझली. चाळीसच्या वर न जाता तासगाव गाठलं. येतानाही तसंच आलो, आणि येताना ती एकदाही लागली नाही. घरी पोचल्यावर मी म्हणालो, "बरी झाली वाटतं." गाडीला ताप आला होता आणि उतरला, अशा सुरात.

नवं तेल का होतं, ते सांगायला पाहिजे.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या गावभागातल्या घरात आली होती. पुराच्या दिवसांत सांगलीत कुणी कुणाला "बरं आहे ना?" विचारत नाही. "आयर्विनला किती?" एवढंच. १९२९ साली सुरू झालेला तो पूल, त्याच्या खांबावर रंगवलेले फूट, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. आणि आकडा मिळाला की लगेच दुसरा प्रश्न, "तासाला किती चढतंय?" त्या दोन आकड्यांवर माणसं ठरवतात की पोती माळ्यावर चढवून भागेल का म्हातारीला रात्रीतच उंचावरच्या विश्रामबागला पोचवायचं. नुसतं "पाणी वाढतंय हो" असं सांगणाऱ्याकडं आम्ही ढुंकून बघत नाही.

त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. माझ्याकडं मात्र आकड्यांपेक्षा मोठा पुरावा होता, "२००५ला आपल्या दारात आलं नव्हतं." त्या एका वाक्यानं त्या वर्षी सांगलीतल्या किती गाड्या बुडाल्या असतील! सकाळी गाडी हलवू म्हणून झोपलो. पहाटे गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. पुढं पाचसहा दिवस गच्चीवरून गाडीचं नुसतं छप्पर दिसायचं, मग तेही दिसेनासं झालं.

गाडी आण्णांची, माझ्या वडिलांची. साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते, निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून २००३ साली त्यांनी मारुती ८०० घेतली. स्टोअरकीपरचा हात तो, गाडीतसुद्धा वही. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, हवा किती, तेल कधी बदललं. ते २०१४ला गेले. वही गाडीच्या कप्प्यातच राहिली. पूर ओसरल्यावर कप्पा उघडला तर वहीचा लगदा झालेला, निळ्या शाईचे ढग नुसते. गल्लीत भंगारवाले फिरत होते, बुडालेल्या गाड्यांना पंधरा-वीस हजार देत होते. मला देववली नाही.

आणि इथं माझ्या हातून दुसरी चूक झाली. म्हणजे क्रमानं पहिलीच. बॅटरी मेली होती, पण एका ओळखीच्या पोरानं आपली आणून जोडली आणि मी "बघू तरी" म्हणून चावी मारली. इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि ठक् करून अडकलं. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दबत नाही. प्लग काढून आधी पाणी बाहेर घालवायचं असतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण त्या अर्ध्या फेऱ्यात तेलाच्या पंपानं गढूळ पाण्याचा घोट आत ओढला असणार.

गाडी शंभर फुटी रोडवरच्या एका गॅरेजात नेली. नाव सांगत नाही. त्यांच्या दारात तेव्हा पंचवीस-तीस बुडालेल्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या आणि पोरं रात्री बारा-बारापर्यंत काम करत होती. माझा नंबर लागेपर्यंत सिलिंडरच्या बोअरना गंज धरला होता. इंजिन उतरवलं, खोललं, रिंगा नव्या, बेअरिंग नवी, गास्केट सेट नवा, इंजिनाच्या तळाचा तेलाचा चेंबर धुऊन परत बसवला. दसऱ्याला गाडी हातात आली. आवाज असा मऊ की आण्णा असते तर पेढे वाटले असते.

भाऊबीजेनंतर मी परत त्याच दारात. त्यांनी गाडी चालू करून ठेवली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, पंखा लागला, बंद झाला, परत लागला. किटली गप्प. "कुठंय लाइट? दाखवा की साहेब." दवाखान्यात गेल्यावर खोकला थांबावा तसं झालं. शेवटी मिस्त्री म्हणाला, "स्विच गेला असंल. दोनशेचा आहे, टाकू नवा."

हा स्विच म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. इंजिनाच्या अंगात पेचानं बसवलेली, डोक्यावर एकच वायर. आत एक पातळ पडदा आणि त्याला टेकलेली स्प्रिंग. तेलाचा दाब नसतो तेव्हा स्प्रिंग दोन टोकं जुळवून धरते, वायर इंजिनाच्या धातूला जोडली जाते आणि दिवा लागतो. दाब आला की पडदा मागं सरतो, टोकं सुटतात, दिवा विझतो. किती दाबाला सुटतात? दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाव ते अर्धा किलोला. हा आकडा लक्षात असू द्या, त्याच्याभोवतीच माझं सगळं येडेपण फिरलं.

नवा स्विच बसला. चार दिवसांनी मिरजेकडून येताना, रस्ता मोकळा मिळाला म्हणून जरा ताणली तर किटली लागली. परत गॅरेज. आता म्हणाले, "नवी बेअरिंग आहेत, बसायला वेळ लागतो. जाड तेल घालू." वीस-पन्नास नंबरचं तेल पडलं. जाड तेल बेअरिंगच्या फटीतून सावकाश निसटतं, त्यामुळं गरम इंजिनात दाब थोडा वर राहतो, हे शास्त्राला धरूनच आहे. दिवसाउजेडी किटली दिसेनाशी झाली. मी खूश.

पण सकाळी गाडी चालू केली की पूर्वी एक-दोन मोजेपर्यंत विझणारी किटली आता पाच, सहा, सात मोजेपर्यंत रेंगाळायला लागली. ते मी बघत होतो आणि बघत नव्हतो. थंडी पडायला लागलीय, तेल जाड आहे, असं मनाशी म्हणत होतो. मला दिवा विझायला हवा होता. तेल कुठं पोचतंय याच्याशी मला देणंघेणं उरलं नव्हतं. बँकेतल्या एका मित्रानं तर यावरही कडी केली. म्हणाला, "वायर काढून टाक ना. माझ्या मेव्हण्यानं काढली, चार वर्षं झाली."

एका रविवारी मीच बोनेटमध्ये डोकं घातलं. निदान स्वतःला लाज वाटू नये एवढं तरी करू म्हटलं. चावी फिरवून इंजिन बंद ठेवलं, किटली लागलेली. स्विचची वायर काढली, विझली. काढलेलं टोक इंजिनाच्या धातूला टेकवलं, लागली. म्हणजे वायरिंग ठीक. वायर काढूनही दिवा लागून राहिला असता तर ती वाटेत कुठंतरी सोलून अंगाला लागतेय असं समजायचं असतं. आता राहिल्या दोनच गोष्टी, स्विच किंवा खरोखरचा दाब. स्विच तर नवा. एवढं सरळ उत्तर हातात असताना मी वायर जागेवर बसवली, हात धुतले आणि भडंग खात टीव्ही बघत बसलो.

त्या रात्री मात्र झोप लागेना आणि वालचंदचा एक तास आठवला. सरांनी बीचम टॉवर नावाच्या इंग्रज माणसाची गोष्ट सांगितली होती. १८८३च्या सुमारास तो रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्यानं बेअरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी वर उसळायला लागलं. त्यानं बूच मारलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी त्यानं तिथं दाब मोजायचं घड्याळ लावलं तेव्हा काटा चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या वर गेला. फिरणारा आस स्वतःच तेलाची पाचर करून स्वतःला उचलून धरतो, धातू धातूला शिवतच नाही, हे त्यातून कळलं. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं आणि ते समीकरण आम्ही पाठ केलं. सगळा खेळ मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांशांच्या फटीतला. डोक्याचा केस याहून जाड असतो.

गंमत अशी की इतकी वर्षं मला त्या समीकरणातली चिन्हं आठवत होती, पण त्या माणसानं काय केलं ते विसरलो होतो. बूच उडालं तेव्हा आणखी घट्ट बूच शोधत तो बसला नाही. घड्याळ आणून लावलं. मी मात्र महिनाभर बुचंच बदलत होतो.

आणि किटली तर घड्याळ नाहीच. तिला पाव-अर्धा किलोच्या वर सगळं सारखं. पळत्या इंजिनाला तीन-साडेतीन किलो लागत असेल आणि येत असेल एक, तरी ती गप्प. जुने मिस्त्री मिनिटाला हजार फेऱ्यांमागं दहा पौंड असा ढोबळ हिशेब धरतात, म्हणजे तीन हजार फेऱ्यांना दोन किलोच्या आसपास तरी पाहिजेच. आयर्विन पुलाच्या खांबावरचे सगळे आकडे पुसून टाकायचे, फक्त एक लाल दिवा ठेवायचा आणि तो लागणार पाणी सत्तावन्न फुटांना भिडल्यावर. अशा पुलावर भरवसा ठेवून सांगलीत कोण झोपेल? मी झोपत होतो.

सोमवारी रजा टाकून मिरज गाठली.

चाचांचं गॅरेज सतारमेकरांच्या गल्लीपासून पाच मिनिटांवर. पत्र्याचं शेड, एक खड्डा, दोन पोरं. आण्णा त्यांच्याकडं यायचे. चाचांनी बोनेटला हातसुद्धा लावला नाही. स्टुलावर बसून विचारत सुटले. कधी लागतो, गरम का थंड? उभ्या गाडीत का पळताना? ताणल्यावर? किती अंतर गेल्यावर? मग आपोआप जातो का? किती वेळानं? सकाळी किती वेळ राहतो? शेवटचा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी सात सेकंद म्हणालो तसे ते पोराकडं बघून नुसते हसले.

"बेरिंगचं दुखणं असतं तर गाडी गरम झाल्यावर उभ्या उभ्या लागला असता आणि रेस दिली की गेला असता," चाचा म्हणाले. "हितं उलटं चाललंय. पळताना लागतोय, उभं राहिलं की जातोय. तेल हाय, पण वर चढंना. नरड्यात कायतरी अडकलंय."

"मग चेंबर काढायचा?"

"आधी मोजू. दवाखान्यांच्या मिरजंत ऱ्हातोय आपण. बीपी न बघता गोळी देणारा डाक्टर हितं टिकंल का?"

मग त्यांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. काच एका बाजूनं तडकलेली, खाली रबरी नळी, टोकाला पितळी पेच. आत चपटी नळी अर्धगोल वाकवलेली असते, दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काट्याला ओढते. यूजीन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली काढलेली युक्ती, अजून तशीच चाललीय. चाचांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "असंल. मी शुक्रवारच्या बाजारात घेतलं."

स्विच काढून त्या जागी घड्याळ लावलं. इंजिन चालू. काटा थोडा वेळ शून्यावर पडून राहिला, मग एकदम उठला आणि तीनवर गेला. थंड इंजिन, जाड तेल, ठीक. गरम होऊ दिलं, उभ्या गाडीत सव्वा किलो. तेही बरंच म्हणायचं. इथपर्यंतचं बघून कुणीही म्हणालं असतं, काही झालेलं नाही. मग चाचांनी पोराला अर्धी रेस धरायला सांगितली. काटा साडेतीनवर चढला. मी श्वास सोडला.

"थांबा की," चाचा म्हणाले.

एक मिनिट तो तिथं राहिला. मग थरथरायला लागला, जसा माणूस ओझं घेऊन उभा राहिल्यावर त्याचे गुडघे थरथरतात. साडेतीनचा तीन. तीनचा सव्वादोन. रेस तेवढीच, आवाज तेवढाच, आणि काटा खाली. दीड. एक. चाचांनी हात वर केला, पोरानं चावी बंद केली. मी आयर्विनला पाणी चढताना पुष्कळ वेळा पाहिलंय. आकडा उतरताना भीती वाटण्याची माझी ही पहिलीच वेळ.

"रेस दिली की पंप जोरात ओढतोय. ओढला की जाळीवर कचरा चिकटतोय. बंद केलं की गळून पडतोय. म्हणून तुमची किटली पंधरा मिंटात बरी हुती." माझ्याकडून त्यांनी तो शब्द तेवढ्यात उचलला होता. सकाळच्या सात सेकंदांचाही उलगडा झाला. चोंदलेल्या जाळीतून थंड जाड तेल ओढायचं म्हणजे घट्ट खिरीत बारीक नळी घालून ओढण्यासारखं. दिवा लपवायला घातलेल्या तेलानं इंजिनाची रोज सकाळी उपासमार केली होती. त्या महिनाभरात मी केलेल्या उपायांपैकी पैसे देऊन नुकसान विकत घेतलेला हा एकच.

इंजिन निवेपर्यंत दीड तास होता. मी गल्लीत चक्कर मारली. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी हत्यारांचं काम सुटल्यावर सतारी करायला घेतल्या, ती ही मिरज. दुकानांच्या छताला पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले. एका ओट्यावर एक जण तंबोऱ्याची जवारी लावत होता. घोडीवर तार जिथं टेकते तिथं सुताचा धागा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत केसभर सरकवायचा. आठ-दहा वेळा तार नुसतीच वाजली. मग एका जागी धागा आला आणि आवाजाला एकदम गोल किनार फुटली, एका तारेत चार तारा ऐकू यायला लागल्या. मी बराच वेळ उभा होतो. परत आल्यावर चाचांना म्हटलं, त्यांचंही काम आपल्यासारखंच, फटीचं. "त्यांचं बरंय," चाचा म्हणाले, "तारंला तेल लागत न्हाई."

आधी त्यांनी ऑइल फिल्टर काढला आणि पत्रा कापून आतला कागद उलगडला. घडी न घडी सूर्याकडं धरून बघितली. धातूची चमक असती तर बेअरिंग खाल्ली जातायत असं समजायचं. चमक नव्हती. मग तेल काढलं, चेंबरचे बोल्ट सैल केले, रबरी हातोडीनं कडेनं टोले दिले. चेंबर सुटेना. इतका चिकटलेला. "किती लावलंय बघा," म्हणत चाचांनी पातळ पाती आत सरकवली.

चेंबर खाली आला. तळाला तेलात बुडालेली पेल्याएवढी जाळी, पंपाचं तोंड. तिच्यावर काळ्या शेवया. शेवयाच म्हणतो, दुसरा शब्द नाही. सिलिकॉनच्या लांबलचक पट्ट्या एकमेकींत गुंतून जाळीच्या निम्म्याहून जास्त भागावर बसलेल्या. त्यातली एक मी उचलली. बोटात रबरासारखी ताणली जायची. तिच्या एका बाजूला बोल्टच्या भोकाची अर्धी गोलाई स्पष्ट उमटली होती. कुठून तुटून आली ते तिनंच सांगितलं.

चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये गळू नये म्हणून सिलिकॉन लावतात. त्या गॅरेजातल्या पोरानं गळायला नको म्हणून भरभरून लावलं होतं. बोल्ट आवळल्यावर ते बाहेर फुगून आलं, आणि बाहेरून बघणाऱ्याला काम भक्कम वाटलं. मलाही दसऱ्याला वाटलं होतं. "भाईर जेवढं दिसतंय तेवढंच आत गेलेलं असतंय," चाचा म्हणाले. आतलं तेलात भिजतं, तुटतं आणि पंप बोलावेल तिकडं जातं.

त्या पोराचा मला राग आला नाही असं नाही. पण रात्री बारा वाजता, तिसाव्या गाडीखाली उताणं पडून, अंगावर पुराचा चिखल गळत असताना मी किती लावलं असतं कोण जाणे.

चाचांनी जाळीच्या खोबणीत बोट फिरवलं आणि अंगठ्यावर चोळलं. बारीक, मऊ, साबणासारखी गुळगुळीत काळी माती. "ही नदी," म्हणाले. दोन वेळा धुतलेल्या इंजिनात कृष्णा अजून होती.

मग एका कनेक्टिंग रॉडची टोपी उघडून बेअरिंगचा अर्धा गाळा काढला. राखाडी, त्यावर तीन-चार बारीक रेघा. नखाला लागतील न लागतील अशा. "तांबं दिसाय न्हाई. तांबं दिसलं की संपलं." रेघांवरून नख फिरवत मी विचारलं, या कधीच्या? कवठे एकंदच्या त्या अर्ध्या किलोमीटरच्या, का पुरानंतर मी चावी मारली त्या अर्ध्या फेऱ्याच्या? चाचांनी गाळा माझ्या हातातून काढून घेतला. "आता ते कशाला," म्हणाले आणि पुसून जागेवर बसवला.

जाळी रॉकेलनं धुतली, हवेनं फुंकली, उजेडाकडं धरली. चेंबरची कड घासून आरशासारखी केली. सिलिकॉनची नळी हातात घेऊन चाचांनी कडेनं एक रेघ ओढली, मुंग्यांची रांग चालावी एवढी बारीक, बोल्टच्या भोकांना आतल्या अंगानं वळसा घालून. मग बिडी पेटवली. ती संपेपर्यंत चेंबर तसाच ठेवला, सिलिकॉनवर साय धरायला. बोल्ट समोरासमोरचे, एक इकडचा एक तिकडचा, असे हळूहळू आवळले. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं, जेमतेम तीन लिटर, नवा फिल्टर.

परत घड्याळ. थंड, चार. गरम, उभी, दीडच्या थोडं खाली. अर्धी रेस, साडेतीन. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. काटा खिळा ठोकल्यासारखा. पोराचा पाय दुखायला लागला तरी चाचांनी हात वर केला नाही.

एकूण बाराशे रुपये झाले, तेल-फिल्टर वेगळं. निघताना त्यांनी त्या शेवया वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. "गॅरेजवाल्याला दावा. भांडू नका, नुसतं दावा." दाखवल्या. मिस्त्रीनं पुडी उघडून बराच वेळ बघितलं, आतल्या एका पोराला हाक मारली आणि त्याच्या तळहातावर ती पट्टी ठेवली. मला चहा पाजला. स्विचचे दोनशे परत द्यायला लागला, ते मी घेतले नाहीत. जाड तेलाचे मात्र घेतले.

टिळक चौकातून येताना एक जाडशी वही घेतली आणि गाडीच्या कप्प्यात ठेवली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, हवा. आण्णांच्या वहीत नव्हता असा एक रकाना जास्तीचा आहे, किटली विझायला किती. बहुतेक ओळींत एक किंवा दोन असतं. बायको म्हणते, "स्टोअरकीपर झालात."

जुलै २०२१ला पुन्हा सलग पाऊस लागला आणि कोयना धरणाचे आकडे मोबाइलवर यायला लागले. या वेळी सकाळची वाट बघितली नाही. रात्री अकराला पावसातच वही, कागदपत्रं, आईचा फोटो आणि दोन पिशव्या गाडीत टाकल्या. चावी फिरवली. किटली लागली. एक, दोन, विझली. गल्लीच्या तोंडाशी शेजारचे काका छत्री आणि टॉर्च घेऊन पुलावरून परत येत होते. काच खाली घेतली.

"किती, काका?"

"छत्तीस. तासाला अर्ध्यानं चढतंय."